बोत्स्वानाला पहिल्यांदा जाताय? आधी 'दुमेला' म्हणायला शिका

बोत्स्वानाच्या राजधानीत, गॅबोरोनला येऊन आम्हाला जेमतेम आठ दिवस झाले होते. लेकीच्या अंगात ताप होता. मी औषधांच्या दुकानात घाईघाईने शिरले आणि काउंटरवरच्या बाईंना सरळ विचारलं, "तापाचं सिरप आहे का?" त्यांनी हातातलं काम थांबवलं, माझ्याकडे नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "दुमेला, म्मा." मला वाटलं, त्यांना ऐकू आलं नसावं. मी तेच पुन्हा, जरा मोठ्याने विचारलं. पुन्हा तेच उत्तर, "दुमेला, म्मा." रांगेत मागे उभे असलेले एक आजोबा हळूच म्हणाले, "त्या तुम्हाला नमस्कार करतायत. आधी तो घ्या."

मी नमस्कार घेतला. मग त्यांनी विचारलं, तुम्ही कशा आहात, मूल रात्री झोपलं का. सिरप दिलं, किती द्यायचं ते दोनदा समजावलं आणि उद्या ताप उतरला नाही तर कुठे जायचं तेही सांगितलं. त्या एका मिनिटात मला जे कळलं, ते कुठल्याही प्रवासी माहितीपत्रकात वाचलं नव्हतं. पुढची चार वर्षं तिथे राहताना आणि शेजारच्या देशांत फिरताना जे उमगलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. भर बोत्स्वानावर आहे, कारण तो देश मी जवळून पाहिला. शेजारच्या देशांत कुठे वेगळं वागायचं, ते शेवटाकडे आहे.

## १. निघण्याआधी: काय जवळ हवं

पाहुणा म्हणून नीट वागायचं तर डोकं शांत हवं, आणि कागद अपुरे असले की ते शांत राहत नाही. म्हणून आधी ही यादी:

- पासपोर्ट: परतीच्या तारखेनंतर किमान सहा महिने वैध आणि कोऱ्या पानांसह. सीमा ओलांडत फिरणार असाल तर शिक्के बरेच बसतात.
- व्हिसा: युरोपातल्या शेंगेनसारखा सगळ्या देशांना मिळून चालणारा एक व्हिसा इथे नाही. प्रत्येक देशाचं वेगळं बघावं लागतं. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढायच्या आठवड्यात त्या त्या वकिलातीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासा. ओळखीतल्या कुणी दोन वर्षांपूर्वी सांगितलेल्यावर जाऊ नका.
- पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड: सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. बोत्स्वाना किंवा दक्षिण आफ्रिकेत हा ताप नाही, पण मुंबईहून जाताना विमान अदिस अबाबा किंवा नैरोबीला बदलायचं असेल, तर तो पट्टा पिवळ्या तापाचा आहे. जाताना आणि भारतात परतताना कार्ड मागितलं जाऊ शकतं. लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी आणि सरकारमान्य केंद्रातच घ्या. एकदा घेतली की ती आयुष्यभर चालते.
- मूल बरोबर असेल तर आई आणि वडील दोघांची नावं असलेला जन्मदाखला, प्रमाणित प्रतीसह. एकच पालक जात असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र.
- मलेरियाची गोळी: ओकावांगो किंवा चोबेकडे, म्हणजे उत्तरेला, पावसाळ्याच्या आसपास जाणार असाल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा.
- प्लगचं अडॅप्टर: तिथली सॉकेटं आपल्याकडे गीझरला असतात तशी, जाड गोल तीन पिनांची. मोबाइलचा चार्जर त्यात बसत नाही.
- कपडे: बायकांसाठी गुडघ्याखाली येणारा एक घागरा किंवा स्कर्ट आणि खांदे झाकणारी शाल. पुरुषांसाठी एक कॉलरचा शर्ट. का, ते पुढे येईल.

काय नेऊ नये तेही सांगते. लष्करी छापाचे, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे घरीच ठेवा. झिम्बाब्वे आणि झांबियात सामान्य माणसाने असे कपडे घालणं गुन्हा आहे. मुलांच्या टोप्या आणि पिशव्याही बघून घ्या.

## २. नावं आधी नीट करा

देश बोत्स्वाना. भाषा सेत्स्वाना. एक माणूस मोत्स्वाना, अनेक माणसं बात्स्वाना. शब्दाच्या शेवटी नाही, तर सुरुवातीला बदल होतो, एवढं लक्षात ठेवलं की शेजारचं लेसोथोही सुटतं: भाषा सेसोथो, एक मोसोथो, अनेक बासोथो.

आणखी एक गोष्ट उच्चाराची. सेत्स्वानात लिहिलेला 'ग' हा घशातून येणाऱ्या 'ख'सारखा उच्चारतात. मराठी माणसाला हे जमतं, उर्दू शब्दांतला 'ख़' आठवा. मी सुरुवातीला छापल्याप्रमाणे वाचत होते आणि कुणालाच काही कळत नव्हतं. म्हणून खाली शब्द ऐकू येतात तसे लिहिले आहेत.

## ३. नमस्कार: या लेखातलं एवढंच वाचलंत तरी चालेल

पुरुषाला "दुमेला, र्रा". बाईला "दुमेला, म्मा". अनेक जण असतील तर "दुमेलांग". 'र्रा' आणि 'म्मा' गाळू नका. नुसतं "दुमेला" म्हणजे आपल्याकडे मोठ्या माणसाला नुसतं "ए" म्हणण्यासारखं.

त्यानंतर विचारपूस. सकाळी "ओ त्सोखिले जांग?" म्हणजे कसे उठलात? उत्तर, "के त्सोखिले सेन्त्ले", छान उठले. दिवसभर चालणारा प्रश्न "ले काए?" शब्दशः, तुम्ही कुठे आहात? उत्तर, "रे तेंग", आम्ही इथे आहोत. हे उत्तर मला फार आवडतं. एकटा माणूससुद्धा "आम्ही" म्हणतो, कारण विचारणाऱ्याने त्याच्या घरच्यांसकट विचारलेलं असतं.

हे कुणाला म्हणायचं? सगळ्यांना. दुकानदार, बसचा ड्रायव्हर, सरकारी खिडकीतला माणूस, हॉटेलच्या फाटकावरचा रखवालदार. दवाखान्याच्या बाकांवर लोक बसलेले असतील तर आत शिरणाऱ्याने सगळ्यांना मिळून "दुमेलांग" म्हणायचं, आणि सगळे उत्तर देतात. पहिला नमस्कार येणाऱ्याने करायचा असतो. त्यामुळे तुम्ही गप्प उभे राहिलात, तर समोरचा वाट बघत राहतो आणि तुम्हाला वाटतं की इथले लोक तुटक आहेत. हा गैरसमज मी आपल्या कितीतरी मंडळींच्या तोंडून ऐकला आहे. चूक आपलीच असते.

इंग्रजीत बोलतानाही क्रम हाच. आधी सुप्रभात, मग कसे आहात, मग त्याचं उत्तर ऐकायचं, आणि मगच काम. रस्ता विचारायचा असला तरी.

आभारासाठी "के आ लेबोखा". होकारासाठी नुसतं "ए" नाही, तर "ए, म्मा" किंवा "ए, र्रा". आणि "पुला" हा शब्द कानावर पडेल तेव्हा जरा थांबा. पुला म्हणजे पाऊस. कालाहारीचं वाळवंट ज्या देशाचा बहुतेक भाग व्यापून आहे, तिथे पावसापेक्षा मोठा आशीर्वाद नाही. म्हणून राजचिन्हावर पुला, भाषण संपल्यावर सगळ्यांनी मिळून दिलेला जयघोष पुला, आणि चलनाचं नावही पुला. त्याचे शंभर भाग म्हणजे थेबे, म्हणजे ढाल. दुष्काळी तालुक्यातून आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

## ४. हात कसा द्यायचा, हातात कसं घ्यायचं

हस्तांदोलन तीन टप्प्यांचं असतं: आधी नेहमीसारखा पंजा, मग अंगठ्याभोवती पकड, मग पुन्हा पंजा. पकड हलकी. आवळून हात दाबणं हे आदराचं लक्षण नाही. बोलत असताना हात तसाच धरून ठेवला तर सोडवून घेऊ नका.

वयाने मोठ्या माणसाला हात देताना डावा हात उजव्या कोपराला किंवा मनगटाजवळ टेकवतात. पैसे देताना, सुटे घेताना, भेटवस्तू घेताना हेच. एका हाताने, तेही डाव्या, काही पुढे करू नका. देवळात तीर्थ घेताना आपण उजव्या हाताखाली डावा हात धरतो, तीच सवय इथे कामी येते.

बोट दाखवून माणसाकडे खूण करू नका, पूर्ण पंजा वापरा. आणि हॉटेलात वेटरला "शुक् शुक्" करून किंवा चुटकी वाजवून बोलावू नका. आपल्याकडे हे इतकं अंगवळणी पडलं आहे की आपण केलं हेही कळत नाही. नजर मिळेपर्यंत थांबायचं, आणि मग "म्मा" किंवा "र्रा".

## ५. नाती, कुळं आणि गुरं

पहिलं मूल झालं की बाईला त्या मुलाच्या नावाने ओळखतात. मुलाचं नाव नेओ असेल तर ती म्मानेओ. गावाकडे आजही "बाळूची आई" अशी हाक मारतात, तेच हे. आईचा भाऊ म्हणजे मालोमे. लग्न ठरवताना त्याच्याशिवाय पान हलत नाही. मुलीला मांडवात घेऊन येणारा आपला मामा आठवला की मालोमेचा मान लगेच कळतो.

ओळख जरा वाढली की विचारतात, "ओ बिना एंग?" शब्दशः, तुम्ही कशाचं नाचता? अर्थ, तुमचं कुळचिन्ह काय? बाक्वेना मंडळींचं मगर, बांग्वातोंचं 'फुती' नावाचं छोटं हरीण, बाखात्लांचं माकड. ज्याचं जे चिन्ह, तो प्राणी तो मारत नाही, खात नाही. आपल्या घरात लग्नाला देवक बसवतात, त्यात कुणाचं कळंब, कुणाचं मोरपीस, कुणाचं पंचपालवी. मी हे तिथे एका शिक्षिकेला सांगितलं तेव्हा त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या, आणि आमच्या पुढच्या दोन तासांच्या गप्पा देवक आणि कुळचिन्हावरच झाल्या. तुमच्या घरचं देवक माहीत नसेल तर निघण्याआधी आजीला विचारून घ्या. पर्यटनस्थळांच्या यादीपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

गुरांबद्दल जपून. गुरं हीच मालमत्ता, मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना द्यायचं बोखादीही गुरांतच मोजतात. "तुमच्याकडे गाई किती?" हा प्रश्न म्हणजे "बँकेत किती आहेत?" असं विचारणं. गुरं चांगली दिसतायत म्हणा, आकडा विचारू नका.

## ६. कुणाच्या अंगणात, आणि गावच्या खोत्लात

घराच्या कुंपणापाशी थांबून मोठ्याने "को को!" म्हणायचं. दारावरची थाप तोंडाने देतात. आतून उत्तर आल्याशिवाय अंगणात पाय टाकायचा नाही. फाटक उघडं असलं तरीही. अंगण हा घराचाच भाग आहे, लोक तिथेच बसतात, जेवतात. खुर्ची दिली की बसा, उभ्याने बोलू नका.

खोत्ला म्हणजे गावची सभा भरण्याची जागा. जाड लाकडी खांबांचं अर्धवर्तुळाकार कुंपण, जवळ सावलीचं झाड, समोर खोसी म्हणजे गावचा प्रमुख. तंटे तिथे सुटतात, सरकारी योजना तिथे समजावल्या जातात, मंत्रीही तिथे येऊन प्रश्नांना उत्तरं देतात. तिथली म्हण आहे की खोत्लात बोललेला प्रत्येक शब्द सुंदरच. म्हणजे कुणालाही बोलायची मुभा आहे आणि बोलणाऱ्याला कुणी तोडायचं नाही. आपल्या ग्रामसभांत निम्मी माणसं एकाच वेळी बोलत असतात. इथे मी एका म्हाताऱ्या बाईंना वीस मिनिटं अखंड बोलताना ऐकलं आणि कुणी चुळबूळसुद्धा केली नाही.

सेरोवे किंवा मोचुडीसारख्या जुन्या गावांत गेलात तर खोत्ला बघायला जरूर जा, पण आधी खोसींच्या कार्यालयात जाऊन परवानगी घ्या. पुरुषांनी टोपी काढायची. बायकांनी पँट घालून जायचं नाही, घागरा किंवा स्कर्ट हवा आणि खांदे झाकलेले हवेत. यादीतली शाल यासाठी होती. सलवार-कमीज चालेल का, हे मला नेहमी विचारतात. माझा सल्ला: साडी नेसा किंवा लांब स्कर्ट घाला. साडीचं तर तिथे फार कौतुक होतं.

## ७. जेवण, आणि शाकाहारी माणसाची खरी अडचण

"मांस खात नाही" असं सांगितलं की बऱ्याच ठिकाणी कोंबडी पुढे येते. यात फसवणूक अजिबात नसते. 'नामा' या शब्दाने तिथे मुख्यतः गाईचं मांस डोळ्यांपुढे येतं. म्हणून पूर्ण सांगा: "खा के जे नामा, ले कोको", म्हणजे मी मांसही खात नाही आणि कोंबडीही. पालेभाजी मांसाच्या मसाल्याची वडी घालून शिजवली आहे का, हे वेगळं विचारा. हे मला सहा महिन्यांनी कळलं.

आता आनंदाची गोष्ट. तिथलं पारंपरिक धान्य माबेले, म्हणजे आपली ज्वारी. ज्वारीच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं बोखोबे हे रोजचं अन्न. हल्ली मक्याच्या पिठाचंही करतात, त्याला फालेचे म्हणतात. पीठ आंबवून केलं की त्याला 'तिंग' म्हणतात. सोलापूरकडच्या माणसाने तिंगचा पहिला घास घेतला तर त्याला आंबील आठवेल, तीच आंबट चव, फक्त घट्ट. त्याबरोबर मोरोखो, म्हणजे चवळीसारख्या शेंगांच्या पानांची किंवा रानभाजी. दिखोबे म्हणजे कडधान्यासह शिजवलेला मका-ज्वारीचा भरडा. मादिला हे आंबवलेलं दूध, दही आणि ताकाच्या मधलं. नाश्त्याला माख्विन्या, तळलेले गोल वडे, आणि दिफाफाता, तव्यावरच्या जाड पोळ्या. एवढ्यावर शाकाहारी माणूस महिनाभर मजेत राहतो.

मांस खाणाऱ्यांनी सेस्वा चुकवू नये. मोठ्या लोखंडी तीनपायी भांड्यात फक्त मीठ-पाण्यात तासनतास शिजवून मग कुटलेलं मांस. लग्नात ते पुरुष शिजवतात. बहुतेक वेळा ते गाईचंच असतं, हे आधी माहीत असू द्या. फाने म्हणजे मोपाने झाडावरच्या वाळवलेल्या अळ्या. नको असेल तर हसून, हात छातीला लावून नको म्हणा. तोंड वाकडं करू नका, मुलांनाही बजावून ठेवा. आपल्या समोरच्या ताटातलं अन्न बघून कुणी नाक मुरडलं की कसं वाटतं, ते आपण परदेशांत अनुभवलेलं असतं.

जेवणाआधी पाण्याचं भांडं फिरतं, हात धुवायला. ते वडीलधाऱ्यांपासून सुरू होतं. उजव्या हाताने जेवायचं, हे आपल्याला शिकवावं लागत नाही.

## ८. फोटो, शब्द आणि खरेदी

माणसाचा फोटो काढण्याआधी विचारा. लहान मुलांचा असेल तर आई-बापांना विचारा. केसांच्या वेण्या कितीही सुंदर असल्या तरी हात लावू नका. राष्ट्रपती निवास, लष्करी जागा, विमानतळ यांचे फोटो नकोत.

शब्दांबद्दल मला मनापासून बोलायचं आहे. आपण आपसांत मराठीत बोलतो म्हणून कुणाला कळत नाही, असं धरून "हे काळे लोक", "हबशी" असं सर्रास बोललं जातं. सूर कळतो, बोट कुणाकडे आहे ते कळतं. 'काफर' हा शब्द तर चुकूनही तोंडातून जाता कामा नये. दक्षिण आफ्रिकेत तो वर्णद्वेषाच्या काळातला सगळ्यात घाणेरडा अपमान आहे आणि २०१८मध्ये तो वारंवार वापरल्याबद्दल एका महिलेला तिथल्या न्यायालयाने तुरुंगवासाची शिक्षा दिली. गोव्यात आणि कोकणात ऐकू येणारा 'खापरी' हा शब्दही घरीच पुरून या. तुम्हाला उद्देशून 'लेकुला' असा शब्द कानावर पडला तर तो 'कुली'वरून आला आहे. बऱ्याचदा बोलणाऱ्याला त्याचा इतिहास माहीत नसतो. मी अशा वेळी थांबून दुमेला म्हणायचे आणि माझं नाव सांगायचे.

कालाहारीतल्या मूळ रहिवाशांना बोत्स्वानात बासार्वा म्हणतात, बाहेर सान. त्यांच्यातल्या कुणाला भेटलात तर ते स्वतःला काय म्हणवतात ते विचारा आणि तेच वापरा. उत्तर-पश्चिमेच्या त्सोदिलो टेकड्यांवर ४,५००हून जास्त चित्रं आहेत. युनेस्कोने २००१मध्ये त्या जागेला वारसास्थळ ठरवलं. तिथले लोक त्या टेकड्यांना पुरुष, स्त्री आणि मूल अशा नावांनी ओळखतात, आणि ती पूर्वजांच्या आत्म्यांची जागा मानतात. गडावर पायताण काढून देवीपुढे जातो त्या भावनेने जा. स्थानिक वाटाड्या घ्या, चित्रांना हात लावू नका, मोठ्याने हाका मारू नका.

खरेदीत टोपल्या बघा. मोकोला ताडाच्या पात्यांच्या, ओकावांगोच्या बाजूच्या बायका विणतात. एकेक टोपलीला आठवडे लागतात, तेव्हा भाजीसारखी घासाघीस नको. शहामृगाच्या अंड्याच्या वस्तू घेताना परवान्याचा कागद मागा. आणि रस्त्यात कुणी कच्चा हिरा दाखवला तर तिथून निघा. परवान्याशिवाय तो जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे.

## ९. मयत आणि लग्न

शनिवारी पहाटे अंत्यविधी होतात. गावातले सगळे जातात, ओळख थोडी असली तरी. पहाट व्हायच्या आत लोक जमतात, प्रार्थना होते, सूर्य वर यायच्या सुमारास दफन आटोपतं आणि मग सगळ्यांना जेवण असतं. बोलावणं लागत नाही. बायका डोक्याला रुमाल आणि खांद्यावर शाल घेतात, पुरुष कोट घालतात. जेवल्याशिवाय निघू नका. आपल्याकडे मयताच्या घरी पाणीही घेत नाहीत, त्यामुळे हे जड जातं, पण तिथे न जेवता जाणं म्हणजे दुःखात साथ न देणं. रस्त्यात अंत्ययात्रा समोरून आली तर गाडी बाजूला घेऊन थांबायचं.

लग्नात निळ्या छापील कापडाचे, लेतेइसीचे, पोशाख आणि खांद्यावर पिन लावलेल्या शाली घातलेल्या बायकांची रांग दिसली की समजा, मुलाकडची मंडळी मुलगी मागायला आली आहेत. बाजूला उभं राहून बघा. मध्ये शिरून फोटो काढू नका.

## १०. रस्त्यावर

निळ्या नंबरपाटीची गाडी म्हणजे प्रवासी वाहतुकीची, मग ती टॅक्सी असो की कॉम्बी, म्हणजे मिनीबस. तिच्यात चढतानाही आधी नमस्कार. स्वतः चालवणार असाल तर आपल्यासारखीच डावी बाजू, पण अंधार पडल्यावर गावाबाहेर चालवू नका. गाई आणि गाढवं डांबराच्या उबेला रस्त्यावर येऊन बसतात.

महामार्गावर जनावरांच्या रोगनियंत्रणाची नाकी असतात. लाळ-खुरकत एका भागातून दुसऱ्या भागात जाऊ नये म्हणून बुटांचे तळवे औषधाच्या पाण्यात बुडवायला सांगतात आणि गाडीतलं कच्चं मांस, दूधदुभतं काढून घेतात. वाद घालू नका. गावाची सगळी पुंजी त्या कुंपणामागे चरत असते.

"नाऊ नाऊ" म्हणजे थोड्या वेळाने. "जस्ट नाऊ" म्हणजे त्याहून उशिरा. लगेच हवं असेल तर घड्याळातली वेळ सांगा.

## ११. शेजारी देशांत गेलात तर

झिम्बाब्वे. शोना भाषेत सकाळी विचारतात, "मारारा सेई?", कशी झोप झाली? उत्तर, "न्दारारा काना माराराओ": तुम्ही नीट झोपला असाल, तर मीही नीट झोपले. नमस्काराबरोबर हलकी टाळी वाजवतात, पुरुष सरळ पंजे जुळवून, बायका ओंजळीसारखे आडवे धरून. रोख अमेरिकन डॉलर लहान नोटांत न्या.

दक्षिण आफ्रिका. झुलूत एकाला "साउबोना", अनेकांना "सानिबोनानी". झोसात "मोलो" आणि "मोल्वेनी". जुन्या वळणाच्या झुलू घरात धाकट्याने आत येताच बसायचं असतं. मोठ्यांच्या डोक्याच्या वर आपलं डोकं राहू नये म्हणून. नजर खाली असेल तर तो आदर समजा. आपण मोठे आले की उठून उभे राहतो, त्याच्या हे बरोबर उलट आहे, म्हणून सांगून ठेवते. सिग्नलला 'रोबोट' म्हणतात. पेट्रोल भरणाऱ्याला आणि गाडी राखणाऱ्याला थोडे रँड द्यायचे असतात. केपटाऊनला गेलात तर तिथल्या कोकणी मुसलमानांच्या जुन्या वस्तीत रत्नागिरीची आडनावं आणि पदार्थ भेटतील. १९१२मध्ये गोपाळ कृष्ण गोखले या देशात आले होते, तेव्हा गांधीजींच्या आग्रहावरून ते जोहान्सबर्गच्या कोकणी मंडळींपुढे मराठीत बोलले होते.

लेसोथो. खांद्यावरची लोकरी घोंगडी हा पोशाख आहे, थंडीचं पांघरूण नाही. नुसती गंमत म्हणून गुंडाळून फोटो काढू नका. सगळा देश डोंगरावर आहे, जून-जुलैत बर्फ पडतो. नमस्कार तोच, फक्त र्राच्या जागी 'न्ताते' आणि म्माच्या जागी 'म्मे'.

इस्वातिनी. उम्हलांगा हा वेताचा उत्सव ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरात असतो. तो मुलींचा धार्मिक-सामाजिक विधी आहे. फोटोचे नियम आधी विचारून घ्या आणि राजघराण्याबद्दल जाहीर शेरेबाजी टाळा.

नामिबिया. हिंबा जमातीच्या वस्तीत पवित्र अग्नी, ओकुरुवो, आणि मुख्य झोपडी यांच्या मधून चालायचं नाही. विझल्यासारखा, नुसत्या दोन लाकडांचा दिसला तरीही. वाटाड्याशिवाय आत जाऊ नका, आणि वस्तीसाठी मक्याचं पीठ, साखर असं काही न्यायचं ते आधी त्याला विचारा.

रँड लेसोथो, इस्वातिनी आणि नामिबियात चालतो. त्यांचं चलन मात्र दक्षिण आफ्रिकेत कुणी घेत नाही, म्हणून सीमेआधी संपवा.

## १२. निघताना

निरोपाचे शब्द दोन आहेत आणि ते उलटसुलट होतात. जो निघतो तो म्हणतो, "साला सेन्त्ले", नीट राहा. जो मागे राहतो तो म्हणतो, "त्सामाया सेन्त्ले", नीट जा. त्यामुळे पाहुणा म्हणून तुमच्या तोंडी नेहमी पहिला शब्द येईल. फोन ठेवतानाही हाच विचार करतात की निघतंय कोण. आपण दारातून "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. गॅबोरोन सोडताना मी त्या औषधांच्या दुकानात शेवटचं गेले तेव्हा काउंटरवरच्या बाईंना याचा अर्थ सांगितला. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला, आणि मी दारापाशी पोचल्यावर मागून हाक आली, "येते, म्मा!"